थ्रीडी प्रिंटरचा बेल्ट: बसवायचा कसा आणि ताणायचा किती

सुटे भाग जोडून पहिल्यांदाच थ्रीडी प्रिंटर उभा करणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: बेल्ट किती ताणू? प्रश्न रास्त आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. बेल्टच्या नावावर खपणाऱ्या पुष्कळ तक्रारींचं मूळ ताणात नसतंच. मोटरच्या शाफ्टवरची दातेरी पुली सैल असते, बेल्टला टोकाला वळवणारी मोकळी चकती, म्हणजे आयडलर, तिरका असतो, नाहीतर बेल्टने ओढला जाणारा सरकता भाग, म्हणजे कॅरेजच, रेलवर अडकत असतं. आणि माणूस मात्र बेल्ट आवळत बसतो. आवळल्यावर दोष थोडा झाकला जातो, म्हणून आणखी आवळतो. शेवटी मोटरचं बेअरिंग कुरकुरायला लागतं आणि मूळ दोष होता तिथेच राहतो.

म्हणून इथे ताणाची पाळी उशिरा येईल. आधी हालचाल मोकळी, मग पुली, मग बेल्टची वाट सरळ, आणि सगळ्यात शेवटी ताण. उदाहरणं थ्रीडी प्रिंटरची आहेत, पण पेन प्लॉटर किंवा छोटं लेझर मशीन जोडत असाल तरी क्रम हाच.

हातातला बेल्ट आधी ओळखा

टेबलावरच्या अशा मशीनमध्ये बहुतेक वेळा जीटी२ जातीचा टायमिंग बेल्ट असतो. दोन दात्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, २ मिमी. रुंदी बहुधा ६ मिमी, मोठ्या मशीनला ९ किंवा १० मिमी. दाते गोलसर असतात आणि पुलीच्या खाचेत नीट बसतात, त्यामुळे दिशा बदलताना खेळ जवळजवळ राहत नाही. दिसायला हा काळा रबरी पट्टा, पण ताण रबर पेलत नाही. आत लांबीच्या दिशेने काचतंतूंच्या बारीक दोऱ्या असतात, त्या पेलतात. त्या फारशा ताणल्या जात नाहीत. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

जुन्या मशीनमधून काढलेला किंवा कुणी दिलेला बेल्ट असेल तर तो एमएक्सएल जातीचा असू शकतो. त्याची पिच २.०३२ मिमी. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, पण ५० दाते मोजून पट्टी लावली की कळतो: जीटी२ असेल तर बरोबर १०० मिमी भरतात, एमएक्सएल असेल तर १०१.६. असा बेल्ट जीटी२ पुलीवर चढतो, फिरतोही, आणि मग मापं कधीच जुळत नाहीत.

पोलादी तारेचा बेल्टही मिळतो. तो जास्त ताठ असतो हे खरं, पण छोट्या पुलीवर लाखो वेळा वळून आतल्या तारा थकतात आणि तुटतात. पहिल्या मशीनला काचतंतूचाच घ्या.

बेल्ट हाताळताना एक पथ्य पाळायचं: त्याला कधीही घडी घालायची नाही. पक्कडीने चेपायचा नाही, खिशात कोंबायचा नाही, साठवताना मोठं सैल वेटोळं करायचं. तीक्ष्ण घडी पडली की तिथले काचतंतू मोडतात. वरचं रबर मात्र शाबूत दिसतं. अशा ठिकाणी बेल्ट पुढे कधीतरी दगा देतो. घडीची जागा सोडून बाकी बेल्ट वापरता आला तर उत्तम, नाहीतर घडी नसलेला तुकडा छोट्या अक्षाला ठेवून द्या.

बेल्ट नसताना कॅरेज कसं सरकतं?

वीज काढा आणि मोटरचे प्लगही बोर्डातून काढून ठेवा. पुढे बेल्ट चढल्यावर कॅरेज हाताने सरकवलं की बेल्टमार्फत मोटर फिरते, आणि फिरणारी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी, प्रिंटरमधली नेहमीची मोटर) जनित्रासारखी वीज तयार करते. जोरात सरकवलं तर बंद मशीनचा डिस्प्ले उजळलेला दिसतो. बोर्डासाठी ते चांगलं नाही.

आता बेल्ट न लावताच कॅरेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका बोटाने ढकला. सगळ्या वाटेवर हाताला सारखंच लागलं पाहिजे. मध्येच जड, टोकाला हलकं, असं असेल तर फ्रेम काटकोनात नाही किंवा दोन रेल एकमेकींना समांतर नाहीत. गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही सारखे येईपर्यंत स्क्रू सैल करून फ्रेम जुळवा. चाकांवर चालणारं कॅरेज असेल तर एक्सेंट्रिक नटाने, म्हणजे भोक मध्यापासून जरा बाजूला असलेल्या नटाने, चाकांची पकड ठरते. चाक बोटाने फिरवल्यावर कॅरेज सरकलं पाहिजे. चाक जागच्या जागी घसरत असेल तर पकड कमी आहे. उलट पकड इतकीही नको की कॅरेज ढकलताना गचके बसतील.

ही तपासणी घाईत उरकू नका. बेल्ट चढल्यावर मोटरचा अडथळाही त्यात मिसळतो आणि मग दोष कुठला, हे बोटाला ओळखू येत नाही. आत्ताचा हा हलकेपणा लक्षात ठेवा, ताण देताना तो पुन्हा लागणार आहे.

पुली आणि तिचे दोन ग्रब स्क्रू

थर सरकणं, वर्तुळ बिघडणं, माप कधी बरोबर तर कधी चूक येणं, असं काही झालं की पहिला संशय पुलीवर घ्यावा. पुली शाफ्टला धरून ठेवणारे ग्रब स्क्रू इतके चिमुकले असतात की ते सैल आहेत हे नुसतं बघून कळत नाही.

मोटरच्या शाफ्टला बहुधा एका बाजूला सपाट काप असतो. दोनपैकी एक ग्रब स्क्रू बरोबर त्या सपाटीवर आला पाहिजे. तो आधी आवळायचा, दुसरा नंतर. सपाटीच्या कडेवर स्क्रू बसला तर आवळताना घट्ट वाटतो आणि थोड्या तासांत पुली सरकते. एम३ ग्रब स्क्रूला १.५ मिमीची अ‍ॅलन की लागते. किटबरोबर आलेली की मऊ असेल तर तिची टोकं गोल होतात आणि स्क्रूचं तोंडही खराब होतं. एवढी एक की चांगली घ्याच. आट्यांवर मध्यम ताकदीचा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून लावायचा द्रव) एक थेंब लावा. लाल नको, पुढे उघडताना रडवतो. थ्रेडलॉकर प्लॅस्टिकच्या भागांवर सांडू देऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. मोटरच्या बेअरिंगपासूनही तो लांब ठेवायचा.

पण हे शेवटचं आवळणं आत्ता नाही. पुलीची उंची बेल्टच्या रेषेवरून ठरते, म्हणून आत्ता ती शाफ्टवर नुसती अडकवून ठेवा. मोटरच्या तोंडाला ती घासणार नाही इतकी फट हवी. रचनेत वाव असेल तर दाते मोटरच्या बाजूला येतील अशी पुली बसवा. बेल्टची ओढ मोटरच्या जितकी जवळ, तितका तिच्या बेअरिंगवर भार कमी. बेल्ट जागेवर आला, रेषा जुळली, की मग दोन्ही स्क्रू पक्के करायचे आणि पुली व शाफ्टच्या टोकावर मार्करने एक सलग रेघ ओढायची. पुढे कधी शंका आली तर रेघ तुटली आहे का एवढंच बघायचं.

वाट सरळ कशी ठेवायची

बेल्ट मोटरच्या पुलीवरून निघतो, टोकाच्या आयडलरला वळसा घालतो आणि कॅरेजला येऊन मिळतो. दाते पुलीच्या बाजूला. आयडलरचं साधं सूत्र: बेल्टची दात्यांची बाजू टेकते तिथे दात्यांचा आयडलर, पाठ टेकते तिथे गुळगुळीत. छोट्या गुळगुळीत आयडलरवरून दाते धावले की प्रत्येक दात्याला बारीकसा धक्का बसतो आणि तो छापलेल्या भिंतीवर उमटतो.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. कॅरेजला जोडलेला बेल्टचा प्रत्येक भाग रेलला समांतर हवा, वरून बघितल्यावर आणि बाजूनेही. का, ते आकड्यांत बघू. समजा आयडलर कॅरेजच्या क्लॅम्पपेक्षा, म्हणजे बेल्टचं टोक जिथे पकडलं जातं त्या जागेपेक्षा, ३ मिमी वर आहे. कॅरेज ३०० मिमी लांब असताना तिरक्या वाटेमुळे बेल्टला जास्तीची लांबी लागते फक्त ०.०१५ मिमी. तेच कॅरेज आयडलरपासून ३० मिमीवर आलं की लागते ०.१५ मिमी. काचतंतूचा बेल्ट ही वाढीव लांबी सहज देत नाही. म्हणून तो एका टोकाला तंग आणि मध्ये सैल असा वागतो, आणि तुम्ही कितीही अचूक ताण दिलात तरी तो एकाच जागी अचूक असतो. उलट जो भाग कॅरेजला न जोडता पुलीवरून थेट आयडलरकडे जातो, त्याची लांबी कॅरेज हललं तरी बदलत नाही. तो थोडा तिरका असला तरी बिघडत नाही, त्याच्या नादी लागू नका.

समांतर आहे का ते बघायला कॅलिपरने रेलपासून बेल्टच्या कडेचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. मग कॅरेज हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि पुलीवर बेल्ट कुठे धावतो त्यावर नजर ठेवा. कडेच्या चकतीला हलका स्पर्श चालतो. तिच्यावर चढत असेल किंवा सतत घासत असेल तर पुलीची उंची चुकली आहे, नाहीतर आयडलरचा बोल्ट वाकडा उभा आहे.

कापणं आणि अडकवणं

आधी टेन्शनर, म्हणजे बेल्टचा ताण कमी-जास्त करणारा भाग, पूर्ण सैल करा. हे बरेच जण विसरतात. टेन्शनर अर्ध्यावर असताना बेल्ट अडकवला तर पुढे आवळायला वावच उरत नाही, आणि सगळं सोडून परत करावं लागतं.

बेल्टचं एक टोक क्लॅम्पमध्ये बसवा, वाटेने फिरवून आणा, हाताने ढिलाई काढून घ्या आणि दुसरं टोक बसवा. प्रत्येक क्लॅम्पमध्ये निदान ६ दाते पूर्ण बसलेले हवेत. क्लॅम्पला दाते नसतील, नुसती खुंटी असेल, तर बेल्ट तिच्याभोवती गोल वळवून दात्यात दाते येतील असा उलटा घ्या आणि झिप टायने बांधा; एक झिप टाय खुंटीच्या अगदी जवळ, दुसरा थोडा मागे. जास्तीचा बेल्ट सगळं जमल्यावरच कापायचा, आणि दोन दात्यांच्या मधल्या खाचेत कापायचा. तेव्हाही थोडा शिल्लक ठेवा. लांब पडलेला बेल्ट कापता येतो.

काही किटांत बेल्टवर अडकवायची छोटी स्प्रिंग येते, कपड्यांच्या चिमट्यात असते तशी. ती बाजूला ठेवून द्या. बेल्ट न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांचा घ्यायचा आणि मधोमध स्प्रिंग लावायची, यात काही अर्थ नाही. कॅरेज प्रत्येक वळणावर झुलत राहतं.

टेन्शनर किंवा क्लॅम्प स्वतः छापून वापरणार असाल तर पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लॅस्टिक टाळा. सततच्या ओढीखाली पीएलए हळूहळू लवत जातं, विशेषतः गरम बेडच्या शेजारी. मग बेल्ट सैल पडला असं वाटतं, पण सैल पडलेला असतो तो प्लॅस्टिकचा तुकडा.

कोअरएक्सवाय रचनेत, म्हणजे दोन्ही मोटर मिळून एक्स आणि वाय हे दोन्ही अक्ष हलवतात त्या रचनेत, दोन बेल्ट असतात. ते कापण्याआधी शेजारी शेजारी ठेवून दाते जुळवा आणि दोन्ही एकाच लांबीचे कापा. क्लॅम्पमध्येही दोन्हीचे सारखेच दाते अडकवा.

आता ताण

अंदाजाने ताण द्यायचा तर खूण अशी: बेल्ट कुठेही लोंबत नाही, बोटाने दाबला तर दबतो पण लगेच जागेवर येतो, आणि छेडला तर खर्जातला स्पष्ट आवाज देतो. नुसती फडफड ऐकू आली तर सैल. एक बेल्ट एकच अक्ष ओढतो अशा साध्या मशीनला एवढ्यावर भागतं. पण मोबाइल हाताशी असताना अंदाजावर थांबायचं कारण नाही.

ताणलेला बेल्ट छेडला की किती हर्ट्झचा आवाज येईल हे तीन गोष्टींवर ठरतं: मोकळ्या भागाची लांबी, ताण आणि बेल्टचं वजन. ६ मिमी जीटी२ बेल्टचं वजन मीटरला साधारण ८ ग्रॅम. म्हणजे लांबी आणि हर्ट्झ कळले की ताण कळतो. लांबी न सांगता दिलेला हर्ट्झचा आकडा मात्र निरुपयोगी आहे. तसा सल्ला कुणी दिला तर आधी लांबी विचारा. वोरॉन या कोअरएक्सवाय प्रिंटरच्या मंडळींमध्ये १५० मिमी लांबीला ११० हर्ट्झ हा आकडा चालतो. हिशोब केला तर तो ताण ९ न्यूटनच्या आसपास येतो, म्हणजे एक किलोपेक्षा थोडं कमी वजन टांगल्याइतका. ६ मिमी बेल्टसाठी सुरुवात करायला हा आकडा चांगला आहे. तुमच्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत वेगळा दिला असेल तर तोच धरा.

१५० मिमीचा मोकळा भाग मिळत नसेल तर १६५०० ला तुमच्या मिलिमीटरमधल्या लांबीने भागा. २०० मिमीला ८२.५ हर्ट्झ, २५० ला ६६, ३०० ला ५५. ताण तोच, फक्त आवाज खाली येतो.

मोजायचं असं: मोटर मोकळ्या, पंखे बंद. कॅरेज अशा जागी आणा की क्लॅम्पपासून आयडलरवर बेल्ट टेकतो त्या बिंदूपर्यंतची लांबी पट्टीने नेमकी मोजता येईल. आवाजाची वारंवारता दाखवणारं कुठलंही अ‍ॅप उघडून मोबाइलचा माइक बेल्टच्या मधोमध, जवळ धरा आणि बेल्ट नखाने हलकेच छेडा. तीन-चार वेळा छेडून सारखा आकडा येतो का बघा. कधी कधी अ‍ॅप दुपटीचा स्वर पकडतं. ११० च्या जागी २२० दिसलं तर घाबरून बेल्ट सोडू नका, बोटाने दाबून बघा.

टेन्शनर पाव फेरा फिरवायचा, कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-तीनदा हळू न्यायचं, मग मोजायचं. हे मधलं सरकवणं गाळू नका. मोटरच्या चुंबकीय अडथळ्यामुळे पुलीच्या दोन बाजूंचा ताण लगेच सारखा होत नाही. न सरकवता मोजलं तर एका बाजूचाच आकडा मिळतो. आणि लक्षात असू द्या, वारंवारता दुप्पट झाली तर ताण चौपट झालेला असतो. आकड्यात १० टक्के वाढ म्हणजे ताणात २१ टक्के. त्यामुळे शेवटचे दोन-तीन हर्ट्झ जुळवण्यासाठी अर्धा तास घालवण्यात मतलब नाही.

कोअरएक्सवायला मात्र दोन बेल्टमधली बरोबरी नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे. तिथे दोन्ही मोटर मिळून गँट्री, म्हणजे कॅरेज वाहणारा आडवा दांडा, ओढतात. ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत तर एकच मोटर फिरते. एक बेल्ट दुसऱ्यापेक्षा तंग असेल तर गँट्री तिरकी ओढली जाते आणि छापलेला चौकोन कलतो. म्हणून दोन्ही टेन्शनर सैल करून गँट्री फ्रेमच्या दोन्ही टोकांना सारखी टेकवा, तशीच धरून दोन्ही टेन्शनर आळीपाळीने पाव पाव फेरा आवळा. दोन्ही बेल्ट एकाच लांबीवर छेडून तुलना करा. काही जण मुळात वाकडी फ्रेम बेल्टच्या ओढीने सरळ करू बघतात. तसं करू नका. फ्रेमचं काम फ्रेमनेच करावं.

किती ताण जास्त, हे तुमच्या बोटाला आधीच माहीत आहे. बेल्टशिवाय कॅरेज किती हलकं सरकत होतं ते आठवा. मोटरचा सौम्य गचकागचका वाढणारच, पण आयडलर कुरकुरत असेल, टेन्शनरचा ब्रॅकेट वाकलेला दिसत असेल, तर मागे फिरा.

पटलं का ते तपासणं

मोटरचे प्लग लावा, वीज द्या, मोटर जागेवर धरून ठेवतील असं करा आणि कॅरेज हाताने हलकेच दोन्ही बाजूंना दाबा. किंचित स्प्रिंगसारखं लवणं ठीक. ‘टक’ असा आवाज किंवा मोकळा खेळ जाणवला तर मार्करची रेघ बघा, मग क्लॅम्प बघा.

त्यानंतर एक पोकळ वर्तुळ छापा. एक्स आणि वाय अक्षांना जिथे दिशा उलटते, अशा चार ठिकाणी वर्तुळ चपटं झालं असेल तर कुठेतरी खेळ आहे: सैल बेल्ट, सैल पुली किंवा सैल चाकं. भिंतीवर उभ्या लाटा दिसल्या तर त्यांचं अंतर मोजा, आणि तोच तुकडा दुप्पट वेगाने पुन्हा छापा. वेग वाढवल्यावर लाटांमधलं अंतरही वाढलं तर ते मशीनचं कंपन आहे, कोपऱ्यानंतर दिसणारं. अंतर कोणत्याही वेगाला २ मिमीच राहिलं तर ते बेल्टच्या दात्यांचं काम. ताण थोडा उतरवा आणि दात्यांच्या बाजूला गुळगुळीत आयडलर लागला नाही ना ते बघा. इनपुट शेपिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने कंपन दाबण्याची सोय, वापरणार असाल तर ते ताण पक्का झाल्यावरच करा, कारण ताण बदलला की कंपनाची वारंवारता बदलते.

मापं थोडी चुकली म्हणून फर्मवेअरमधल्या, म्हणजे बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमधल्या, प्रति मिमी स्टेप्सना (एक मिमी सरकायला मोटरने टाकायची पावलं) हात लावू नका. २० दात्यांची पुली एका फेऱ्यात ४० मिमी बेल्ट ओढते, मोटर फेऱ्याला २०० स्टेप्सची, प्रत्येक स्टेपचे १६ मायक्रोस्टेप्स, म्हणजे फेऱ्याला ३२००, त्याला ४० ने भागलं की ८०. १६ दात्यांची पुली असेल तर १००. हा आकडा दात्यांच्या मोजणीतून आलेला आहे, तो ८०.३ असू शकत नाही. १०० मिमीचा तुकडा ९९.६ भरला तर प्लॅस्टिक आकसण्याकडे आणि फ्लोच्या, म्हणजे किती प्लॅस्टिक सोडायचं त्या, सेटिंगकडे बघा.

पुढची देखभाल

पहिल्या काही छपायांनंतर ताण पुन्हा एकदा मोजा. झिप टाय आणि क्लॅम्प सुरुवातीला थोडे बसतात. बंदिस्त, गरम होणारा प्रिंटर असेल तर गरम असतानाही एकदा मोजून ठेवा. ४०० मिमीची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम ३० अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ०.२८ मिमी वाढते, बेल्ट तितका वाढत नाही. त्यामुळे थंड असताना काठोकाठ ताणलेला बेल्ट गरम झाल्यावर जास्त तंग होतो.

बेल्टला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. धूळ कोरड्या ब्रशने झटकायची. पुलीखाली काळी भुकटी साचू लागली तर बेल्ट कुठेतरी घासतो आहे. नवा बेल्ट लावण्याआधी ती जागा शोधा, नाहीतर नवाही तसाच झिजेल. दाते उडाले, पाठीवर आडव्या भेगा दिसल्या किंवा कडेने पांढरे तंतू बाहेर आले की बेल्ट बदला. कोअरएक्सवायमध्ये एक बेल्ट गेला तरी दोन्ही एकदम बदला. जुना आणि नवा यांची जोडी सारखी ताणता येत नाही.